सदर तिन्ही नावे एकाच इसमाची

कचेरीच्या फाटकासमोर माझं आठ बाय दहाचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज, टायपिंग. कन्नड नुडीत, मराठी श्रीलिपीत, इंग्रजी जशी येईल तशी. एकोणीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा कुठलं वाक्य टाइप केलं असेल, तर ते हे: 'सदर तिन्ही नावे एकाच इसमाची आहेत.' ॲफिडेव्हिटचं तिसरं कलम.

हे पान कोऱ्यावरून मी एकदाच टाइप केलं, दुकान टाकलं त्या वर्षी, एका म्हाताऱ्या मेंढपाळासाठी. नंतर दुसरा माणूस आला की तीच फाइल उघडायची, आधीच्याचं नाव निवडायचं, त्यावर नवं टाइप करायचं आणि वेगळ्या नावानं सेव्ह करायचं. एकदा घाईत एका बाईच्या ॲफिडेव्हिटात पाचव्या कलमात आधीच्या गिऱ्हाइकाचा नवरा तसाच राहून गेला. नोटरींनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर बाईला कायदेशीर दुसरा नवरा झाला असता.

आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात हे ॲफिडेव्हिट भाकरीइतकं लागतं. माझं गाव वेदगंगेच्या काठी. गाव जागचं हललेलं नाही, पाट्या तेवढ्या बदलत राहिल्या. आबा, म्हणजे माझे वडील, १९४९ साली मुंबई प्रांतात जन्मले. १ नोव्हेंबर १९५६ला सकाळी उठले ते म्हैसूर राज्यात. १९७३ला त्याचं कर्नाटक झालं. २०१४ला बेळगाव जिल्हा कागदोपत्री बेळगावी झाला. उंबरा तोच. शाळामास्तरांनी मराठीत लिहिलेलं नाव पुढं तलाठ्यानं कन्नडात ऐकून लिहिलं, ते पुढं कुणीतरी संगणकात भरलं, आधारवाल्यानं आणखी तिसऱ्या तऱ्हेनं. ह्यात कुणाची चूक नाही. ज्याच्या कानाला जसं लागलं तसं त्यानं लिहिलं.

गेल्या वर्षी जेष्ठात आबा गेले आणि वेदगंगेकाठच्या २२ गुंठ्यांचं पौती खातं करायची वेळ माझ्यावर आली. पौती खातं म्हणजे पलीकडं कोल्हापूरकडं ज्याला वारस नोंद म्हणतात ते. मी टेबलावर आबांचे कागद मांडले. शाळेच्या दाखल्यावर बाळू, जन्मतारीख १ जून. त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राची आणि सीमाभागाची १ जूनच असते, मास्तरांची सोय. जमिनीच्या उताऱ्यावर बाळप्पा, पुढं 'बिन' लावून आजोबांचं नाव. आधार आणि मृत्यूच्या दाखल्यावर बाळासाहेब.

सारखीच तीन नावं मी शेकडो लोकांची जुळवली होती. पण इथं मला माहीत होतं की हे तीन वेगळे लोक होते.

बाळूला मी पाहिलेलं नाही. तो तळ्याकाठी म्हशी राखायचा आणि शाळेत वर्गाच्या दाराजवळ बसायचा. बाळप्पाला मी चांगलंच पाहिलंय. तो तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा, शनिवारी आईच्या विडीचा हप्ता तिच्या हातात पडायच्या आधी उचलायचा आणि रविवारी दुपारी घरी यायचा. आईच्या कोपराजवळ जो व्रण आहे तो बाळप्पानं दिलेला. आणि बाळासाहेब हा विहारात रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी झटकणारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोट ओळीवर ठेवून मोठ्यानं वाचणारा माणूस. दारू सुटली त्या वर्षी विहारातल्या कुणीतरी थट्टेनं 'या बाळासाहेब' म्हटलं, तेच नाव पुढं चिकटलं.

शेवटच्या दोन महिन्यांत आबांचा दम वाढला. वखारीतली धूळ पन्नास वर्षांनी वसुलीला आली. एका रात्री मी त्यांना पेज भरवत होतो. हात थरथरत होता, चमचा त्यांनाच धरायचा होता, निम्मी पेज गोधडीवर. ते हसले. म्हणाले, "सारनाथला भगवंतांनी पाच जनांना काय सांगितलं? रूप जर माझं असतं, तर मी त्याला म्हटलं असतं, असा हो, असा होऊ नकोस. आनि त्येनं ऐकलं असतं. बघ, ऐकतंय का हात?" मग माणूस ज्या पाच गोष्टींचा बनतो म्हणतात, त्या स्कंधांतले पुढचे चार बोटांवर मोजले: वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. विज्ञानाला पोचेपर्यंत धाप लागली. चौथी शिकलेला माणूस अनात्मलक्षण सूत्र मला पेजेच्या चमच्यानं शिकवत होता, आणि मला राग येत होता. हे तत्त्वज्ञान बाळप्पाला फार सोयीचं आहे, असं मनात आलं. 'मी' असा कुणी नाहीच म्हटलं की मारणारा कोण आणि कुणाला जाब विचारायचा? अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे निपाणीचाच तंबाखूचा व्यापारी, हे आमच्याकडं पोरंटोरंही सांगतात. आबांनी धम्मातून तेच वाक्य उचललं की काय, असं मला वाटायचं.

पुण्यानुमोदनाला भन्तेंनी 'अनिच्चा वत संखारा' म्हटलं. संस्कार, म्हणजे घडलेल्या सगळ्या गोष्टी, अनित्य आहेत, उपजणं आणि विझणं हा त्यांचा धर्म. आई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. हातात सवयीनं काहीतरी वळत होती. पदराचं टोक होतं.

कामाला लागलो. आधी मृत्यूचा दाखला, मग वंशावळ, मग अर्ज. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, मी रोज दुसऱ्यांसाठी करतो तेच. फरक एवढाच की काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहिलं की रांग लांब वाटते. अपेक्षेप्रमाणं अर्ज परत आला: नावात तफावत, ॲफिडेव्हिट जोडा. मी दुकानात आलो आणि फाइल उघडली.

कन्नडात ते कलम असतं, 'ओब्बने व्यक्ती'. एकच माणूस. ओब्बने हे साधं, अरे-तुरेतलं. मी एक अक्षर बदलून 'ओब्बरे' केलं, म्हणजे आदरार्थी. मग मराठी मसुद्यात 'तो इसम' होता तिथं 'ते'. करताना ध्यानात आलं की दोन्ही भाषांत मान द्यायचा तर माणसाला अनेकवचनी करावं लागतं. एकच आहेत हे सिद्ध करायला बसलो होतो आणि व्याकरण उलटं बोलत होतं.

त्याच दिवसांत आषाढी पौर्णिमा आली आणि विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं. तीन महिने, अश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज आठ वाजता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' गेली कित्येक वर्षं आबा वाचायचे. आता तो पाट रिकामा होता, म्हणून मला बसवलं. प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी स्वतः अडचणी मांडल्यात. त्यातली एक अशी: बुद्धानं आत्मा नाकारला, पण कर्म आणि पुनर्जन्म मान्य केला म्हणतात. आत्माच नाही तर कर्म कसं, पुनर्जन्म कसा? १९५७ला, ते गेल्यानंतर छापून आलेल्या ग्रंथाच्या तोंडालाच हा प्रश्न. मला ते आवडलं. धर्मग्रंथाची सुरुवात शंकेनं करणारा माणूस आपल्याला खोटं सांगणार नाही.

त्यावरून विहारात रोज भांडण. इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा म्हणायचा, बाबासाहेबांनी हिशोब पुरा केलाय: पुनर्जन्म कशाचा आणि कुणाचा, हे दोन प्रश्न वेगळे करा. शरीरातली पृथ्वी, आप, तेज, वायू विश्वातल्या तशाच द्रव्यात मिसळतात, नष्ट होत नाहीत. पण तोच माणूस पुन्हा जन्माला येईल, हे जवळपास अशक्य. विषय संपला. आमचे निवृत्त गुरुजी म्हणायचे, "विषय संपला असता तर त्यांनी औरंगाबादच्या कॉलेजाला मिलिंद नाव दिलं नसतं आणि त्या आवाराला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजाला, हे लक्षात घ्या."

मग गुरुजींनी 'मिलिंदप्रश्न' ग्रंथातला मिलिंद सांगायला घेतला. ग्रीक राजा, सागल नगरी, भिक्खू नागसेन. राजा नाव विचारतो. नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं नाव, नाममत्तं, एक वोहार. इथं नागसेन नावाचा कुणी पुद्गल, म्हणजे व्यक्ती, सापडत नाही. गुरुजी थांबले. "वोहार म्हणजे आपला व्यवहार. आणि तू कचेरीत इसम इसम लिहितोस ना, तो शब्द अरबी. मूळ अर्थ माहीत आहे? नाव." मी गप्प. एकोणीस वर्षं मी लिहीत होतो की सदर तिन्ही नावे एकाच नावाची आहेत.

राजा पुढं विचारतो, जो जन्मला तोच मोठा होतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर दिवा जळतो. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग दिवा बदलला का? तोही नाही. एकाच्या आधारानं दुसरी उजळत गेली.

ऐकायला गोड, पण माझी गाठ सुटली नव्हती. बाळप्पाची ज्योत विझून बाळासाहेबाची पेटली असेल, तर आईच्या कोपरावरचा व्रण कुणाच्या खात्यावर?

ॲफिडेव्हिटवर आईचीही शपथ लागणार होती. ती मयताची पत्नी, पहिली वारस. शुक्रवारी तिला घेऊन नोटरींकडं गेलो. वकीलसाहेबांनी मसुदा मराठीतून वाचून दाखवला. तिसऱ्या कलमापाशी विचारलं, "बरोबर आहे ना, मावशी?"

"खोटं हाय."

वकीलसाहेब हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करतेय. आई म्हणाली, "बाळासाहेब माझा नवरा हुता, त्येच्यासाठी मी अंगठा देतो. त्या बाळप्पासंगं माझं नाव जोडू नका. त्यो येगळा हुता. त्यो मेला त्या टायमाला मी सुतकबी धरलं न्हाई."

(आमच्याकडं बायकाही देतो-जातोच म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.)

मी कानात सांगितलं, आई, उतारा त्याच नावाचा आहे, नाहीतर जमीन अडकंल. ती उठली, चप्पल घातली आणि एस.टी. स्टँडकडं चालायला लागली. मी मागं. निपाणीच्या बसमध्ये अर्ध्या तासात आम्ही एक शब्द बोललो नाही.

त्या संध्याकाळी वाचन झाल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, समजूत घाला. ते म्हणाले, "तुझ्या आईनं निम्मं नागसेनासारखं सांगितलं. 'तोच नाही' हे तिनं सांगितलं. 'दुसराही नाही' हे राहिलं." आणि आंब्याची गोष्ट सांगितली. एकानं दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. राजापुढं उभं केल्यावर चोर म्हणतो, ह्यानं लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, मी ह्याचं काही नेलेलं नाही. नागसेन विचारतो, सुटेल का तो? मिलिंद म्हणतो, कसा सुटेल? नेलेले आंबे लावलेल्या आंब्यातूनच आले. तसंच कर्माचं. हे नामरूप, म्हणजे हे मन-शरीर, वेगळं, ते वेगळं, तरी सुटका नाही.

म्हणजे माझी शंका दोन हजार वर्षांपूर्वीच कुणाला तरी येऊन गेली होती. अनात्माचा आसरा घेऊन चोराला पळता येत नाही, हे त्या ग्रंथानं आधीच बंद केलेलं दार. आबांना ही गोष्ट माहीत असणारच. पेज भरवताना ते हाताबद्दल बोलले, आईबद्दल कधीच का बोलले नाहीत, हा प्रश्न मात्र मला अजून पडतो.

घरी गेलो. ही गोष्ट आईला सांगायची माझी छाती नव्हती. तफावतीला जोड म्हणून आणखी एखादा जुना कागद मिळतो का, ते बघायला मी माळ्यावरची ट्रंक काढली.

"काय शोधालास रं?"

सांगितलं. ती आत गेली आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत सोसायटीच्या पावत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, पिवळ्या पडलेल्या. विहिरीवर मोटर बसवायला म्हणून बाळप्पानं १८ हजार उचलले होते. मोटर कधी आलीच नाही. पैसे गुत्त्यात गेले. मी पावत्या लावत गेलो. नऊ वर्षं. कधी दीडशे, कधी दोनशे, दिवाळीच्या महिन्यात नाहीच. सुरुवातीच्या पावत्यांवर निळ्या शाईत बाळप्पा. मधे एकीवर नुसतं बा. आणि अठ्ठाविसाव्या पावतीपासून पुढं बाळासाहेब. सोसायटीचा कारकून विहारातलाच होता, त्यानं हाक मारायचं नाव लिहून टाकलं असणार. वर डाव्या कोपऱ्यात कर्ज खाते नंबर सगळ्यांवर तोच.

आई बाजूला बसून सुपातली पानं कातरत होती. बराच वेळानं म्हणाली, "त्येनं घेटल्यालं, ह्येनं फेडलं."

मी गप्प राहिलो.

"मी म्हटलं हुतं त्येला, सोडून दे, सोसायटीवाले काय घर उचलून न्हेत न्हाईत. म्हनला, न्हाई, माझं हाय." कात्रीचा आवाज थांबला. "पयल्यांदा तवा म्हनला, माझं हाय म्हनून."

"मग?"

"मग काय. कर्जापुरता एकच म्हनायचा. बाकीचं माझं मी बघतो."

हे 'कर्जापुरता' मी त्या रात्री गुरुजींना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पावत्या जोड अर्जाला."

सोमवारी परत नोटरींकडं. मी मसुद्यात कलम वाढवलं होतं: 'सदर इसमांनी बाळप्पा या नावे घेतलेले कर्ज बाळासाहेब या नावे पूर्ण फेडले असून त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत.' वकीलसाहेब म्हणाले ह्याची गरज नाही, पण असू दे, बिघडत नाही. आईनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. उठला तो नुसता काळा गोल. रेषा एकही नाही. साठ वर्षं रोज हजार-आठशे विड्या वळून अंगठा गुळगुळीत झालाय. रेशन दुकानातल्या मशीनवरही तो लागत नाही, दर महिन्याला 'बोट पुसून परत लावा' असं होतं. वकीलसाहेबांनी दुसऱ्यांदा घेतला, तसाच गोल. शेवटी त्याखाली त्यांनीच लिहिलं, 'डाव्या हाताचा अंगठा', आणि ओळख पटवणारा म्हणून माझी सही घेतली.

म्हणजे आबा एकच होते असं आई सांगते, आणि ती आईच आहे असं मी सांगतो. आणि मी कोण, ते माझं आधार सांगतं, ज्यावर माझं नाव आबांच्या तिसऱ्या नावाला टेकून उभं आहे. नागसेन राजाला त्याच्याच रथाचं उदाहरण देतो, तो रथ असाच असावा. आस चाकावर, चाक आसावर, आणि रथ विचाराल तर त्यात वेगळा काढून दाखवता येत नाही. तरीही त्यात बसून राजा आला होता, पायांना खडे टोचू नयेत म्हणून. आमच्या रथात २२ गुंठे बसले.

पुढचं सरळ झालं. तलाठी आले, चार जणांचा पंचनामा केला. त्यातल्या एकानं 'बाळप्पा म्हणजे आमचा बाळ्याच की' असं चौथं नाव सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला, पण तलाठ्यांनी ते कागदावर घेतलं नाही. हरकतीची नोटीस लागली, मुदत गेली, हरकत कुणाची आली नाही. भाद्रपदात एम.आर., म्हणजे फेरफार, मंजूर झाला. नव्या उताऱ्यावर आईचं नाव, त्याखाली माझं. आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आनि त्येचं?"

"काढलं. नव्या नोंदीत येत नाही."

"बाळप्पाचं का बाळासाहेबाचं?"

"उताऱ्यावर बाळप्पाच होतं, आई."

तिनं उतारा घडी घालून बिस्किटाच्या डब्यात ठेवला, पावत्यांच्या वर.

विहारातलं वाचन अश्विनी पौर्णिमेला संपलं. इंजिनिअरिंगचा पोरगा शेवटच्या दिवशीही मानला नाही. म्हणाला, नागसेनाची उदाहरणं चांगली, पण उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे. गुरुजी म्हणाले, बरोबर. पुढच्या वर्षी वाचायला त्यालाच बसवणार आहेत.

परवा दुकान उघडल्याउघडल्या एक बाई आली, शिरगुप्पीकडची. सासऱ्याची दोन नावं, एकावर मल्लू, एकावर मलगौडा. मयत. घाईत होती, साडेदहाची गाडी धरायची होती. मी कॉम्प्युटर चालू केला. शेवटची सेव्ह केलेली फाइल उघडली, ती आबांची. त्यानंतर हे ॲफिडेव्हिट कुणी मागितलंच नव्हतं, किंवा दुकानातल्या पोरानं दुसऱ्या फाइलवरून केलं असेल. ओब्बरे तसंच ठेवलं. वाढवलेलं कर्जाचं कलम पुसलं. पहिल्या ओळीतलं नाव माउसनं निवडलं, ते निळं झालं.

"टाइम लागंल का?" बाईनं विचारलं.

"पाच मिनिटं," म्हणालो, आणि त्यावर मल्लू टाइप केलं. मग पाचव्या कलमात एखादं जुनं नाव राहिलंय का, ते दोनदा तपासलं.